उशिरा येणाऱ्याचा मान

इल्मो स्कीला मेण लावायला बसला की जगबुडी आली तरी उठायचा नाही. हांगासवाराच्या राखीव जंगलाच्या तोंडाशी, मोटारी लावायच्या जागेत, तो एका ओंडक्यावर ठाण मांडून बसला होता. निळं मेण काढायचं, स्कीच्या तळाला घासायचं, बुचाच्या ठोकळ्याने पसरायचं, डोळ्यांसमोर धरून निरखायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"अरे, लग्नाला निघालायस का?" हेल्का म्हणाली. "इथेच अंधार पडेल."

"तुझं बरं आहे. पायाला दोन टोपल्या बांधल्या की निघाली म्हातारी."

टोपल्या म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायची ती रुंद पायताणं. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून हेल्काने स्की सोडली होती. त्यामुळे गेली काही वर्षं दोघांची वाट फाट्यावर वेगळी व्हायची. ती पायताणं घालून झाडीतल्या जवळच्या वाटेने जायची, तो उघड्या दलदलीवरून, डोंगराला वळसा घालून स्कीवर यायचा. दुपारी दोघं लात्वाच्या खोपीत भेटायची. तिथे रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत.

लात्वाची खोप कुणाच्या मालकीची नव्हती. उत्तरेकडच्या जंगलात अशा लाकडी खोपी असतात. त्यांना ना कुलूप, ना आतून कडी. जाणाऱ्याने शेगडीत ढलप्या रचून, काडेपेटी हाताशी ठेवून जायचं, म्हणजे गारठून आलेल्याला नुसती काडी ओढायची बाकी राहते. आणि एक रीत त्याहून पक्की होती. जो शेवटी येईल त्याचा खोपीवर पहिला हक्क. आधी आलेल्याची विश्रांती झालेली असते, ऊब घेऊन झालेली असते. जागा नसेल तर त्याने उठावं, पायांत स्की अडकवावी आणि पुढची खोप गाठावी. त्यावर कुणी वाद घालत नसे.

इल्मोने या रीतीचा चावटपणा करून ठेवला होता. तो मुद्दाम उशिरा यायचा. हेल्काने शेगडी पेटवून, कॉफी उकळून ठेवली की हे महाराज दार ढकलून आत यायचे, बर्फ झाडायचे आणि म्हणायचे, "उशिरा येणाऱ्याचा मान! सरक बाई." मग शेगडीजवळची जागा बळकावून साखरेचा खडा दातांत धरायचा आणि त्यावरून कॉफी ओढायची. शेवटी खडा कट्‌कन फोडायचा. त्याचा बापही तसाच प्यायचा. तो कट्‌ आवाज संसारभर हेल्काच्या डोक्यात गेलेला होता.

या हिवाळ्यात मात्र तिला यायचंच नव्हतं. शरद ऋतूत इल्मोची छाती उघडून हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, जा, पण दमू नका आणि गारठू नका. गारठणं तर मुळीच चालायचं नाही. इल्मोने त्यातलं 'जा' एवढंच ऐकलं होतं.

"हळू ये," फाट्यावर ती म्हणाली. "आणि आज फालतूपणा करून उशीर करू नकोस. बर्फ येणार आहे."

"संध्याकाळी येणार आहे. रेडिओवाला म्हणालाय."

"रेडिओवाला येतोय का तुला उचलायला?"

तो हसला, काठ्या रोवल्या आणि दलदलीकडे सरकत निघून गेला. त्याची लाल टोपी बराच वेळ दिसत राहिली.

झाडीतली वाट ओळखीचीच होती. बर्फाच्या ओझ्याने स्प्रूसची झाडं वाकून बुटकी झाली होती. तांबूस शेपटीचा एक कुक्केली पक्षी फांदी-फांदीने तिच्या सोबत येत होता, पावाच्या आशेने. ओढ्याजवळ तो थांबला. हेल्काने खिशातला पावाचा तुकडा दाखवला तरी पुढे आला नाही. ती पुढे गेली आणि बर्फ पडायला लागलं, संध्याकाळची वाट न बघता. आधी बारीक, मग असं की समोरचं झाड दिसेना. तिने रेडिओवाल्याच्या नावाने बोटं मोडली. इल्मो उघड्यावर होता.

खोप दिसली तेव्हा धुराड्यातून धूर निघत होता. भिंतीला जुन्या लाकडी स्कीची एक जोडी टेकवलेली होती. कुणीतरी आहे म्हटल्यावर हेल्काचा जीव भांड्यात पडला.

आत एक म्हातारा होता. बाकाच्या दाराकडच्या टोकाला, अंग चोरून बसलेला. शेगडी इतकी पेटली होती की तिचा लोखंडी पत्रा काळपट लाल दिसत होता. आणि म्हातारा कुडकुडत होता. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. भुवयांवर दहिवर गोठलेलं होतं, आणि ते वितळत नव्हतं.

"आलात?" तो म्हणाला. "आलात का खरंच?"

"आले की. बरं नाही का तुम्हाला? असे शेगडीजवळ सरका ना."

शेगडीजवळची जागा रिकामीच होती. हेल्का तिथे पिशवी ठेवायला गेली तशी तो घाईने म्हणाला, "तिथे नको." बाकाच्या फळ्या तिथे ओल्या होत्या, खाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. तिने वर पाहिलं. छत तर कोरडं होतं.

तिने दुसऱ्या बाजूला बसून हातमोजे काढले. छान ऊब लागत होती. तिच्या खांद्यावरचं बर्फ पाणी होऊन ओघळायला लागलं. म्हातारा ते थेंब एकटक बघत होता.

"एकट्याच आहात ना तुम्ही?" त्याने विचारलं.

"नाही, नवरा येतोय मागून."

म्हातारा उठला. त्याने टोपी चढवली. "माझी विश्रांती झाली. आता खोप तुमची."

"अहो, वेड लागलंय का? बाहेर काय चाललंय बघा तरी. चार माणसांची जागा आहे इथे."

"रीत आहे," तो म्हणाला. दारात थांबून त्याने त्या ओल्या, रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "येतो गं."

हेल्का त्याच्या मागे धावली, हाका मारल्या. त्याने वळून पाहिलं नाही. जड ओझं उतरलेल्या माणसासारखा तो स्कीवरून सपासप दलदलीकडे गेला. ती आत आली तोवर बाकाची ओल सुकलेली होती.

एकटेपणाने डोकं फिरलेलं असणार, असं तिने ठरवलं. हेल्का काही भित्री बाई नव्हती. शहराला गरम पाणी पुरवणाऱ्या केंद्रात तिची नोकरी झाली होती. कुठल्या नळातून किती ऊब जाते, कुठल्या भिंतीतून किती निसटते, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तिने कॉफी चढवली, मोटारीपासून वाहून आणलेले सॉसेज पत्र्यावर टाकले आणि खिडकीत कंदील लावला. मग खिडकीतून बघत बसली. लाल टोपी दिसेना. मनात नको नको ते येत होतं.

बऱ्याच वेळाने दाराबाहेर पाय आपटल्याचा आवाज आला. दार ढकलून एक बर्फाचा पुतळा आत शिरला.

"उशिरा येणाऱ्याचा मान!" पुतळा धापा टाकत म्हणाला. "सरक बाई."

"मेल्या," हेल्का म्हणाली आणि तिला रडूच आलं. तिने त्याची टोपी ओढून काढली, त्याचे गाल चोळले. त्याला शेगडीजवळ बसवलं, कॉफी दिली. त्याने साखरेचा खडा दातांत धरला, कॉफी ओढली, आणि कट्‌. आज तिला त्या आवाजाचा राग आला नाही.

"झक्क ऊब आहे," इल्मो म्हणाला.

हेल्काची बोटं मात्र सुन्न पडत चालली होती. घाम थंड झाला असेल म्हणून तिने अंगावर आणखी एक लोकरी सदरा चढवला, शेगडीच्या आणखी जवळ सरकली. उपयोग होईना. तिच्या तोंडातून वाफ निघाली. इल्मोच्या कपाळावर घाम होता. त्याच्या पेल्यातून वाफ निघत होती, तिच्या पेल्यातल्या कॉफीवर बर्फाची पातळ साय धरली होती. दोन्ही पेले एकाच किटलीतून ओतलेले.

तिने हात पुढे केला आणि तळवा त्या लालसर पत्र्यावर ठेवला.

"हेल्का! अगं!"

पत्रा बाहेरच्या लोखंडासारखा गार होता. तिने हात उचलून त्याला दाखवला. फोड नाही, डाग नाही. इल्मोने बोट लावून पाहिलं आणि शिवी हासडून ते तोंडात घातलं.

मग तिने त्याला म्हाताऱ्याबद्दल सांगितलं. इल्मोने थट्टा केली नाही, त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली.

"ताप चढला असेल तुला," तो शेवटी म्हणाला. "बस गुमान. मी लाकडं आणतो."

"या घामाने बाहेर जाणार? छातीला टाके आहेत तुझ्या. मीच जाते."

लाकडांची पडवी खोपीच्या मागेच होती. ती कवेत मावतील तेवढी लाकडं घेऊन परत आत आली आणि ऊब तिच्या तोंडावर आदळली. बोटांत मुंग्या आल्या. पेल्यातली साय विरघळली. ती हसत वळली, तर इल्मो दोन्ही हात काखेत घालून बसला होता. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.



"शेवटी आलेल्याचा हक्क," इल्मो म्हणाला. त्याने हसायचा प्रयत्न केला.

"उष्णता माणूस बघत नाही, इल्मो. असं नसतं."

"मग सांग ना शेगडीला."

त्यांनी एकदम आत येऊन बघितलं. हातात हात घालून, अंग तिरकं करून, एकमेकांना चिकटून. पण ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खोपींची दारं अरुंदच ठेवलेली असतात. कुणाची तरी टाच मागे राहतेच. त्या खेपेला इल्मोची राहिली. त्याला ऊब लागली आणि हेल्काचे दात वाजायला लागले. ते एका पांघरुणात शिरून बसले. तिचं अंग त्याला गरम करता येईना. आपण दगडाला मिठी मारून बसलोय असं वाटतं, असं तो म्हणाला आणि मग त्याने तोंड फिरवलं.

"मी निघून जाते," हेल्का म्हणाली. "तू एकटा राहिलास की तुलाच ऊब."

"तो म्हातारा एकटाच होता ना? तरी कुडकुडत होता."

पायताणांकडे गेलेला हात तिने मागे घेतला.

दोघांनी मिळून निघायचं म्हटलं तर मोटार जंगलाच्या पलीकडच्या तोंडाला, बाहेर तुफान, आणि त्याचं काळीज टाक्यांवर चाललेलं. फोनला तर इथे कधीच रेंज येत नसे. सकाळपर्यंत पाळीपाळीने बसायचं, असं ठरलं. एकाने बाहेर जाऊन यायचं, जरा शेकायचं, मग दुसऱ्याने. हेल्काला त्यातून थोडा धीर आला. पाळ्या लावणं तिच्या सवयीचं होतं.

पहिली पाळी तिची होती. ती पडवीपर्यंत गेली आणि परत आली.

काहीच झालं नाही. पूर्वीइतकीच थंडी.

ती पुन्हा गेली, पडवीला हात लावून आली. शेगडी भडकलेली होती, इल्मोच्या गालावर लाली होती, आणि तिच्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या.

"हे येणं नाही ना," ती कण्हत म्हणाली. "मघाशी चाललं, पण आता ही नुसती ये-जा झाली. खरंखुरं यायला पाहिजे."

मग ती पायताणं बांधून खालच्या तळ्याच्या काठावर वाट दाखवणारी पाटी होती, तिथपर्यंत गेली. वाऱ्याने दोनदा पडली. खरोखर दमून, खरोखर गारठून परत आली. आत पाऊल टाकलं आणि ऊब लागली. इतकी गोड ऊब, की क्षणभर तिला दुसरं काही सुचलंच नाही. ती पत्र्यापुढे हात धरून उभी राहिली. नंतर त्या क्षणाची तिला फार लाज वाटली.

तिने वळून पाहिलं. इल्मोचे ओठ निळे पडले होते. तो थरथरतही नव्हता, आणि हे जास्त वाईट, हे तिला माहीत होतं. तिने आपल्या अंगावरचं सगळं त्याला पांघरलं. त्याचे तळवे छातीशी धरले. घासले, चोळले, फुंकरा मारल्या. तिची फुंकरसुद्धा त्याला गार लागत होती.

"मला जायला पाहिजे," तो म्हणाला.

"नाही."

"इथे बसून जाईन, हेल्का. माझं मला कळतंय. बाहेर निदान हातपाय हलतील."

"मग मीही येते."

"आणि परत दारात मारामारी? शेगडी विझू देऊ नकोस. कंदील राहू दे. दलदलीवर वाट दाखवणाऱ्या पहिल्या खांबापर्यंत जातो, तिथून नीट येतो. पाहुण्यासारखा." तिने त्याच्या गळ्यातला गुलूबंद बांधला.  "कॉफी ठेव," तो म्हणाला. "आणि जागा अडवून बसू नकोस. उशिरा येणाऱ्याचा..."

"गप्प बस."

तो गेला. स्कीचा करकर आवाज आला, मग वाऱ्याने तोही खाल्ला.

हेल्काने शेगडी भरली. कॉफी उकळली. खोप भट्टीसारखी तापली होती. तिने एक सदरा काढला, मग दुसरा. घाम मानेवरून पाठीत उतरत होता.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. आपल्याला ऊब लागते आहे, याचा अर्थ आपल्यानंतर अजून कुणी आलेलं नाही.

त्यानंतर ती ऊब तिला सोसवेना. ती हात पुन्हा पुन्हा पत्र्याजवळ नेऊन बघायची. गार लागू दे. एकदा गार लागू दे. प्रत्येक वेळी भाजायचं. तळव्याला फोड आले.

ती दार उघडून ओरडली. तव्यावर पळी आपटून आवाज केला. कंदील घेऊन दलदलीच्या दिशेने गेली, त्याच्या स्कीच्या रेघा शोधल्या. रेघा नव्हत्याच. बर्फ नुकत्याच अंथरलेल्या चादरीसारखं सपाट होतं. मागे वळून पाहिलं तर खोप दिसेना, तशी ती मागे फिरली. तो परत आला आणि खोप अंधारी दिसली तर? आत आल्यावर ऊब पुन्हा तिचीच होती.

तो मेला असेल, असं तिच्या मनात आलं. मनात आलं आणि गेलं नाही. ती मोठ्याने रडली. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून रडताना तिने स्वतःला आवरलं नाही.

वारा पडला. खिडकीबाहेर करडा उजेड यायला लागला.

ती शेगडीकडे बघत बसली होती.

बोटांची टोकं बधिर झाली.

तिला आधी कळलंच नाही. मग तिने फोड आलेला तळवा पत्र्यावर टेकवला. गार. अगदी गार.

"आला!" ती उठली. "इल्मो! आला माझा..."

दार बंद होतं.

उंबऱ्याशी फटीतून आत आलेल्या बर्फाची बारीक रेघ होती. ती कुठेच मोडलेली नव्हती.

हेल्काच्या तोंडातून वाफ निघाली आणि समोर तरंगत राहिली. मागे कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

तिने मान वळवली. शेगडीजवळची जागा ओली होती. फळीच्या कडेवरून थेंब खाली पडत होते. खाली थारोळं साचत होतं.

 मग तिने किटली उचलली. त्याचा पेला भरला, त्या ओल्या जागेपुढे ठेवला, शेजारी साखरेचा एक खडा ठेवला. हात इतके लाकडासारखे झाले होते की थोडी कॉफी सांडली.

"सरकते," ती म्हणाली.

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ जाऊन बसली. अंग चोरून. शेगडीकडे तिला बघवेना, म्हणून ती दाराकडे बघत राहिली. तिच्या भुवयांवर दहिवर धरायला लागलं होतं.

दूर झाडीतून माणसांचे आवाज येत होते. दोघं असावीत. एक बाई हसत होती.

आणि तिच्या पाठीमागे, शेगडीजवळ, साखरेचा खडा कट्‌कन फुटला.